जुन्या अर्टिगाचे शॉकअप बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१३ची अर्टिगा आहे, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेत आणि पारोळा-जळगाव रोजचं जाणं-येणं आहे. खड्ड्यात पुढून खडखड येते. मिस्तरी म्हणतो, चारही शॉकअप बदलून टाका आणि मोकळे व्हा. तर बदलावेत का?

माझं धुळ्यात स्पेअर पार्टचं दुकान आहे. तुम्ही शॉकअप घेतले तर गल्ला माझ्यासारख्याचाच भरतो. तरी सांगतो, नुसत्या खडखडीवर चारही बदलू नका.

खडखड बहुतेक वेळा शॉकअपची नसतेच. पुढे जंपिंग रॉड असतो, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून लावलेली आडवी दांडी. तिच्या दोन्ही टोकांना लिंक असतात, त्यांचे बॉल झिजले की हळू वेगात बारीक खड्ड्यांवर टक-टक टक-टक सुरू होते. ती लिंक शॉकअपच्या मानाने अगदी स्वस्त असते. त्यानंतर नंबर लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचा, आणि मग शॉकअपच्या डोक्यावरच्या माउंटिंगचा. गाडी उभी ठेवून स्टेअरिंग पूर्ण फिरवा. स्प्रिंग टणकन वाजली किंवा स्टेअरिंगला झटका बसला, तर वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. शॉकअप स्वतः मात्र शक्यतो बोंब न मारता मरतो. आतून पार रिकामा झाला तरच ठोकतो.

गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते स्प्रिंगचं काम. दबलेली स्प्रिंग उसळून परत येते, तिला आवरायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह असतात, तेल त्यातून दामटून जाताना उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. म्हणून खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबलात आणि शॉकअपला हात लावला, तर तो कोमट लागला पाहिजे. डावा कोमट आणि उजवा गार, म्हणजे उजवा फुकटचा प्रवास करतोय. (सायलेन्सरच्या नळीला हात लावू नका, हे वेगळं सांगायला नको.) आणि गाडी मागून बसलेली दिसते म्हणून शॉकअप मागायला बरेच जण येतात. मागून बसली तर स्प्रिंग बघा. शॉकअप बदलून ती वर येणार नाही.

आता माझी फजिती. माझी स्वतःचीही अर्टिगाच. दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला दोंडाईच्यामार्गे सारंगखेड्याच्या यात्रेला निघालो होतो, गाडीत सात माणसं. आत्या शेवटच्या सीटवर. दोंडाईचा ओलांडल्यावर ती मागून म्हणाली, "भाऊ, हाई गाडी शे का पायना?" (ही गाडी आहे की पाळणा?) आम्ही सगळे हसलो. घरी आल्यावर सहज मागच्या टायरवर हात फिरवला, तर रबर लाटांसारखं लागलं. एक खोलगट, एक उंच, परत खोलगट. वाकून पाहिलं, तर एका शॉकअपवर तेल आणि धुळीचा चिखल जमलेला. दिवसभर लोकांना शॉकअप विकणाऱ्या माणसाची ही गत, दिव्याखाली अंधार!

मला का कळलं नाही, ते सांगतो. शॉकअप एका दिवसात जात नाही. रोज रत्ती-रत्तीने ढिला होतो आणि चालवणारा तेवढाच सरावतो. शिवाय ड्रायव्हर बसतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, तिथे झोका सगळ्यात कमी. अर्टिगाची तिसरी सीट येते थेट मागच्या चाकांवर. तेव्हा एखाद्या रविवारी दुसऱ्याला चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसा.

रस्ताही नीट निवडा. खड्ड्यात सगळ्याच गाड्या आपटतात, त्यावरून काही कळत नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. खड्डा एकही नसतो, पण गाडी होडीसारखी चालते. असा पट्टा पकडून पन्नास-साठच्या वेगाने जा. लाट संपल्यावर गाडी एकदा वर येऊन शांत बसली तर शॉकअप जिवंत आहेत. दोन-तीन हेलकावे जास्तीचे घेतले तर संपलेत. घाटात हेच वेगळ्या रूपात दिसतं. कन्नड घाटात वळणावर उंचवटा आला की मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो. ही नुसत्या आरामाची गोष्ट नाही. चाक उड्या मारत असेल तेव्हा रस्त्यावरची पकड सुटते, आणि पकड नसलेल्या चाकाला ब्रेक कितीही चांगला असला तरी काय करणार? गाडी थांबायला जास्त अंतर घेते. रात्री समोरचे सारखे डीपर मारत असतील आणि तुमची लाइट लो-बीमवरच असेल, तरी शंका घ्या. मागचा भाग झुलतो तसा तुमचा झोतही वर-खाली होत असतो.

बोनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. त्यात एक गोम आहे. गाडी झुलत राहिली तर शॉकअप नक्की गेलाय, पण झुलली नाही म्हणजे चांगलाच आहे असं नाही. हात दाबतो हळू, रस्ता दाबतो झटक्यात. थकलेला शॉकअप हाताच्या परीक्षेत पास होतो आणि रस्त्यावर नापास.

तेल पाहताना घाई करू नका. वरच्या बाजूला नुसता ओलसर धुरकट थर असेल तर चालतं. फडक्याने पुसा, आठ दिवसांनी परत बघा. परत ओघळ दिसला तर सील फुटलंय. आपल्याकडे सील जायचं मोठं कारण धूळ. शॉकअपच्या रॉडवरचा रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) फाटतो, शेतरस्त्याची धूळ चकचकीत रॉडला चिकटते आणि प्रत्येक उसळीला सीलवर पॉलिश पेपरसारखी घासते. त्यात वर गव्हाची पोती आणि पाहुणे एकाच फेरीत!

किलोमीटरचं विचाराल तर ८० हजारांपुढे दर सर्व्हिसला तपासायचे, एवढंच मी सांगेन. नुसत्या हायवेवर चाललेली गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते, केळीच्या बागेत शिरणारी त्याच्या आधीच थकते. तुमची १ लाख ३० हजारांची आहे आणि शॉकअप पहिलेच असतील, तर थकलेले निघण्याचीच शक्यता जास्त. पण आधी तपासा.

बदलायचे ठरले तर जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा आणि एक जुना ठेवलात तर ब्रेक मारताना गाडी तिरकी वागते. चारही एकदम बदलायची सक्ती नाही. अर्टिगाचे मागचे सोपे आहेत, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. मला मागची जोडी एका चांगल्या टायरच्या पैशात पडली. पुढे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली असते, त्याला स्ट्रट म्हणतात. ती उतरवायला स्प्रिंग दाबायचं हत्यार लागतं. ते ज्याच्याकडे नाही, दोरी-साखळीने भागवतो म्हणतो, त्याच्याकडे गाडी देऊ नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जखमी होतो. पुढचं खोललंच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, बूट आणि आतला रबरी बंप स्टॉप नवे टाका, नाहीतर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्याल. नंतर चाकांची अलाइनमेंट करायची म्हणजे करायची.

फिट करताना शेजारी उभे राहा. नट फिरताना रॉडही फिरतो, म्हणून काही पोरं तो प्लायरने पकडतात. रॉडवर ओरखडा उठला की नवं सील थोड्याच दिवसांत फाटतं. मग माझ्याकडे तक्रार येते, "भाऊ, तुमचा माल डुप्लिकेट." मी रॉडवरचे दात दाखवतो. दुसरं म्हणजे खालचे रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना पूर्ण कसू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकू द्या, मग कसा. लोंबकळत कसलेलं बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

ऑइल भरून, रंग मारून विकलेले रिपेअर शॉकअप दिसायला नवेच असतात. आतला झिजलेला व्हॉल्व्ह रंगाने बरा होत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा: आधी पुढच्या दोन्ही लिंक बदला, चारही टायरवर हात फिरवा, मग मागे बसून एक चक्कर मारा. लिंक बदलूनही खडखड राहिली तर लोअर आर्मचे बुश आणि माउंटिंग बघायला लावा. टायर लाटांसारखे लागले तर आधी त्याच जोडीला, पुढच्या किंवा मागच्या, हात घाला. आणि काढलेले जुने पार्ट गॅरेजात सोडू नका, डिकीत टाकून आणा. रॉड हाताने दाबून बघा. विरोध न करता सरकन आत गेला आणि तिथेच बसून राहिला, तर मिस्तरीचं बरोबर होतं.