बॉल पायथनला (आफ्रिकेतला छोटा अजगर) कोंबडीची पिल्लं दिली तर चालते का?

चालते, पण रोज तेच नको. एका दिवसाच्या पिल्लात मोठ्या उंदरापेक्षा कॅल्शियम कमी राहते, वरून सापाची विष्ठा पातळ होते अन् असा वास मारते की घरचे बोंबलतेत, म्हणून मुख्य खुराक उंदीरच, पिल्लू अधूनमधून. फ्रोझन पिल्लू रात्रभर फ्रिजात वितळू द्या, मग पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवा, पिसं ओली झाली तर पुसून लांब चिमट्याने द्या, मायक्रोवेव्ह नको बाप्पा. पिल्लात साल्मोनेला (पोट बिघडवणारे जंतू) असू शकते, हात साबणाने धुवा. नागपूरच्या मे महिन्यात नाही खाल्लं तर लगेच उचला. अन् हो, धामण नाहीतर आपला अजगर पाळून राहिले असाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे, बॉल पायथनचीही केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.