वेल्डिंग जनरेटरचा स्पीड आयडलला (लोड नसताना) वरखाली होत असेल तर

भावा, आधी गव्हर्नरच्या (इंजिनचा स्पीड सांभाळणारा भाग) स्प्रिंगला हात लावू नको, सगळे तिथेच पिळतात आणि ३००० आरपीएमच्या फार वर गेलं की व्होल्टेज न फ्रिक्वेन्सी दोन्ही चढतात, लावलेला ग्राइंडर जळू शकतो. मशीन उघड्यावर काढ, धूर लई वाईट असतो, मग थोडा चोक (हवा कमी करायची दांडी) ओढून बघ, इंजिन स्थिर झालं तर पेट्रोल कमी पडतंय, बहुतेक पायलट जेट (कार्बोरेटरमधलं आयडलचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलंय, टाकीत जुनं पेट्रोल राहिलं की होतंच हे. जेट काढून कार्ब क्लीनर मार, भोक मोठं करू नको. तरी तसंच असेल तर कार्बच्या गॅस्केटमधून (जोडातली पॅकिंग) हवा खेचतंय का बघ. आणि वेल्डिंगचा रॉड टेकवल्यावर स्पीडच वाढत नसेल तर ती वेगळी भानगड, ऑटो आयडलचा (काम नसताना स्पीड आपोआप कमी करणारा) स्विच हायवर टाक, तिथे नीट चाललं तर सोलेनॉइड (थ्रॉटल ओढणारं विजेचं चुंबक) नाहीतर करंट ओळखणाऱ्या सेन्सरची वायर तपास.