अन्य भाषा आली नाही, म्हणजे पवित्र आत्मा मिळाला नाही?

ताई, तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीबरोबर कुर्ल्याच्या प्रार्थनासभेला गेलात, सगळे एकदम न कळणाऱ्या शब्दांत बोलू लागले आणि नंतर तुम्हाला सांगितलं गेलं, "अन्य भाषा आली नाही, म्हणजे आत्म्याचा बाप्तिस्मा झालेला नाही." अन्य भाषा म्हणजे न शिकलेल्या भाषेत आत्म्याच्या प्रेरणेने बोलणं, आणि आत्म्याचा बाप्तिस्मा म्हणजे पवित्र आत्म्याने भरून जाणं. तेव्हापासून तुम्हाला झोप लागत नाही. आधी हेच सांगते, ते वाक्य मनातून काढून टाका. असं वचन बायबलमध्ये कुठेही नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय उघडा. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, बोलणारे गालीली होते आणि ऐकणारे पार्थी, मेदी, एलामी, अरब, रोमहून आलेले. प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची थोर कृत्ये ऐकू आली. म्हणजे त्या दिवशी लोकांना बोलणं कळलं. मग त्या शिष्यांतल्या पेत्राचं भाषण ऐकून सुमारे तीन हजार जणांनी बाप्तिस्मा घेतला, पण ते अन्य भाषा बोलल्याचा उल्लेख नाही. पुढे त्याच पुस्तकात कर्नेल्या या रोमी अधिकाऱ्याच्या घरी आहे, इफिस शहरातही आहे. कुठे आहे, कुठे नाही. सगळ्यांना लागू होणारा नियम यातून कसा काढायचा?

अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, ही शिकवण बरीच अलीकडची. अमेरिकेत टोपेका इथे चार्ल्स पारम यांच्या बायबल शाळेत १९०१ च्या सुमारास ती पुढे आली आणि १९०६ पासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून जगभर पोचली. त्याच काळात आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, सुरू झालं. तिथल्या मुलीही पुढे अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी त्यांना थांबवलं नाही, पण ही एकच आणि आवश्यक खूण आहे असंही मानलं नाही. मला त्यांचं हे धोरण फार मोलाचं वाटतं.

करिंथच्या मंडळीतही हाच गोंधळ होता. प्रेषित पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? मूळ ग्रीक प्रश्नाची घडणच "नाही" या उत्तराची आहे. पुढे चौदाव्या अध्यायात तो शिस्त घालून देतो. दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावं आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून स्वतःशी आणि देवाशी बोलावं. सगळे एकदम बोलू लागले आणि बाहेरचा कोणी आत आला, तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही का, असंही तो विचारतो. ताई, त्या दिवशी आत आलेल्या तुम्हीच होता. तुमची भीती म्हणजे अविश्वास नव्हे.

एकोणीस वर्षांची असताना मीही यातून गेलेय. मुंबईच्या एका उपनगरात दुकानांच्या वरच्या हॉलमध्ये एका पुढाऱ्याने माझ्या जबड्याला हात लावून सांगितलं, "हालेलूया भरभर म्हण, जीभ सैल सोड." वीसेक मिनिटांनी जीभ अडखळली, कसलेतरी आवाज निघाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते आवाज माझेच होते, हे मला माहीत होतं. हार्बरच्या गाडीत घरी येईपर्यंत रडत होते. पुढची दोन वर्षं सभेत तेच आवाज काढत राहिले.

तरी अन्य भाषेच्या या दानाला मी खोटं म्हणणार नाही, आणि त्याला कारण माझी मावशी. भायखळ्याच्या चाळीत पहाटे पाणी यायच्या आधी ती मोरीजवळ पाटावर बसायची. पदर डोक्यावर, हात मांडीवर उघडे. ओठ हलायचे आणि अगदी हळू, एका लयीत, मराठी नसलेलं काहीतरी ऐकू यायचं. नळ खळखळला की ती उठून हंडा लावायची. मंडळीत मी तिला तसं बोलताना कधीच ऐकलं नाही. एकदा विचारलं, "काय बोलतेस गं?" म्हणाली, "मला सांगता येत नाही ना, तेच." तिचा मुलगा गेला त्या वर्षातली ही गोष्ट. आपल्याला कशी प्रार्थना करावी कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनवणी करतो, हे रोमकरांस पत्रातलं वचन मला तिच्यामुळे कळलं.

हे दान कधीतरी आपोआप मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर मराठीत प्रार्थना करा. मैत्रिणीशी भांडू नका, ती प्रेमानेच घेऊन गेली असेल. पुन्हा जावंसं वाटलं तर जा आणि अर्थ कोण सांगणार, हे तिथल्या पाळकांना सरळ विचारा. कोणी जबड्याला हात लावला, तर उठून घरी या.