घर बदललं, आता घरच्यांकडे बघा

सगळी खोकी रिकामी झाल्यावर निवांत बसू, असं ठरवू नका. शेवटची पाच-सहा खोकी महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात आणि तोवर बोलणं राहून जातं. त्यापेक्षा रोज संध्याकाळी एकच तास सामान लावायचं आणि गजर वाजला की हात थांबवायचे. रात्री उशिरापर्यंत आवराआवर चालली की मुलांची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीची चिडचिड आपण नव्या जागेच्या माथी मारतो.

आधी अंथरुणं आणि जेवायची जागा लावा. दिवसातलं एक जेवण सगळ्यांनी एकत्र, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मुलांचं झोपण्याआधीचं वेळापत्रक जुन्या घरासारखंच ठेवा: तोच क्रम, तीच चादर, तोच दिवा. नवी चादर आणायची घाई तर मुळीच नको. ओळखीच्या वासानं मूल लवकर स्थिरावतं.

घरात वयस्कर माणूस असेल, तर पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा मंद दिवा पहिल्याच दिवशी लावा. अर्धवट झोपेत पाय जुन्या घराच्या सवयीनं वळतात आणि माणूस पडतो. याला खरंच उशीर करू नका.

मग एका सुट्टीच्या दिवशी मागच्या दीड-दोन महिन्यांचे मेसेज एकत्र बसून चाळा. राहिलेले वाढदिवस, लसीच्या तारखा, शाळेच्या सूचना, उत्तर न दिलेले फोन, सगळं एकाच कागदावर उतरवा. तारीख असलेली कामं आधी. नातेवाइकांना एकगठ्ठा मेसेज पाठवण्यापेक्षा रोज एकाला फोन करा, नवा पत्ताही तेव्हाच सांगून होतो.