मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी सोयीचे आणि वन्यजीवांनाही न बाधणारे कापड कोणते?

रोजच्या वापरासाठी सैल शिवलेली, फिक्या रंगाची हातमागाची खादी घ्यावी आणि शक्य असेल तर ती सेंद्रिय कापसाची असावी. परभणी, नांदेडकडच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हात सूत घाम शोषून घेते व हातमागाच्या विरळ विणीतून वारा खेळतो, त्यामुळे काखेत आणि मानेवर घामोळ्या कमी येतात. पॉलिस्टर मात्र अंगाला चिकटते आणि प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म प्लॅस्टिक तंतू सांडपाण्यावाटे ओढ्या-नद्यांत जातात. तरीही ‘शंभर टक्के सुती’ एवढ्या शिक्क्यावर समाधान मानू नये, कारण खरा प्रश्न कापसाच्या शेतात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांचा आहे. मोर पेरलेले दाणे उकरून खातो, आणि विषप्रक्रिया केलेले बियाणे खाऊन मोर दगावल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत; बीड जिल्ह्यात तर नायगावला मोरांसाठी स्वतंत्र अभयारण्य आहे, म्हणून आपल्या भागात ही काळजी अधिकच घ्यायला हवी. देशी कापूस रसशोषक किडींना फारशी दाद देत नाही, त्यामुळे त्यावर फवारणी कमी लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने त्याचे वाणही विकसित केले आहेत. खरेदी करताना ‘जीओटीएस’ हे सेंद्रिय कापडाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणचिन्ह पाहावे: त्यावर ‘ऑरगॅनिक’ लिहिलेले असल्यास किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. खादी भांडारातल्या साध्या खादीवर हे चिन्ह सहसा नसते, तेव्हा कापूस कुठला, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.