पाटीवर आकडा आहे, नावं कुठे?

प्रश्न : आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. १९१४-१९च्या महायुद्धात गावातले किती गेले, किती कामी आले, एवढंच तिच्यावर. २६ जानेवारीला हार घालतो. त्यांची नावं मिळतील का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : माझ्या आजोळीही अशीच पाटी आहे. आकडा धुळीनं बुजला की आजी पदरानं पुसायची. त्यात तिचा चुलता होता. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं, गावाचं नाव असतं. स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाचं, म्हणून उच्चार बदलून पाहा. मराठा पलटणी इराकमधल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ला तिथल्या ब्रिटिश फौजेची शरणागती झाली. म्हणून त्या मुलखात कामी आलेल्यांच्या बसरा स्मारकाच्या नोंदी आधी चाळा. चुलत्याचं नाव मला तिथंच सापडलं. तोवर आजी गेली होती.