धिंगरीला ऊन दाखवा

प्रश्न : ताई, सासूबाईंना ड जीवनसत्त्व कमी आहे. घरच्या धिंगरी अळिंबीतून (ऑयस्टर मशरूममधून) ते मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मिळेल, पण आधी तिला ऊन द्या. अळिंबीत अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध घटक असतो. उन्हातल्या अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरणांनी त्याचं ड-२ जीवनसत्त्व होतं. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या अळिंबीत ते नगण्यच. मी धिंगरी चिरून, खालची झालर वर करून ताटात पसरते आणि भर दुपारी तासभर गच्चीवर ठेवते. खिडकीच्या काचेआड ठेवू नका, काच नेमके तेच किरण अडवते. मग तेलाच्या फोडणीत परता, कारण ड जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. शिवाय बीटा-ग्लुकान हा तंतुमय पदार्थ आणि शिजवूनही टिकणारं अर्गोथायोनिन हे अँटिऑक्सिडंट मिळतं, ते वेगळंच. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र चालूच राहू द्या.